वेदनाशामकांचा सुळसुळाट आणि आपली मूत्रपिंडे

(यवतमाळ येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



यवतमाळ जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा दोन कारणांनी. एक कापसाचा भाव आणि दुसरे शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २०१७ साली त्यात तिसऱ्या कारणाची भर पडली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या तिन्ही गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले. आज मात्र मी अशा विषयावर बोलणार आहे की ज्याची बातमी होत नाही. बातमी होण्यासाठी काहीतरी एकाएकी घडावे लागते. दुखण्यावरची गोळी मूत्रपिंडाचे जे नुकसान करते ते वर्षानुवर्षे चाललेले असते आणि शेवटी माणूस जातो तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर त्या गोळीचे नाव नसते.

प्रारंभीच सांगून टाकतो, मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्य बातमीदारीत गेले. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. तो अधिकार तज्ज्ञांचा आहे. परंतु गावोगाव हिंडताना जे दिसते आणि वैद्यकशास्त्राने जे निःसंशय सिद्ध केले आहे, त्या दोहोंची सांगड घालण्याचे काम पत्रकाराने करायला हरकत नसावी.

दिसते ते असे. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव या बाजूच्या कोणत्याही खेड्यात सकाळी आठच्या सुमारास किराणा दुकानाशी उभे राहा. तंबाखूची पुडी, चहापत्ती, साखर आणि त्यांच्यासोबत दोन गोळ्या. गोळीचे नाव कोणी घेत नाही. ‘अंगदुखीची दे’, एवढे म्हटले की पुरते. दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून देतो. त्या तुकड्यावर औषधाचे नाव उरत नाही, मुदत संपल्याची तारीख उरत नाही आणि ‘वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये’ ही सूचनाही उरत नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधे कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि किराणा दुकानात तर मुळीच नाहीत. पण कायदा तालुक्याच्या ठिकाणापर्यंत येतो आणि तिथून पुढे रस्ता कच्चा असल्यामुळे की काय, थांबतो!

यावर शहरातील सुशिक्षित माणसाची पहिली प्रतिक्रिया असते की, हे लोक अडाणी आहेत. मला ती मान्य नाही. दसऱ्याच्या आगेमागे सीतादही झाले की कापसाची वेचणी सुरू होते. वेचणारी बहुतेक स्त्री असते. कमरेला ओटी बांधून, पऱ्हाटीच्या ओळीतून दिवसभर वाकून ती कापूस वेचते. ओटी भरत जाते तसा तिचा भार कमरेवर येतो. मजुरी मिळते ती वजनावर, म्हणजे जितके किलो तितके पैसे. संध्याकाळी घरी आल्यावर चूल आहे, पाणी आहे, लेकरे आहेत आणि पहाटे पुन्हा तेच. पाठ धरली म्हणून एक दिवस घरी बसायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तिच्यापुढे गोळी आणि विश्रांती असे दोन पर्याय नसतातच. विश्रांतीच्या जागी तिला गोळी मिळालेली असते. तिचा हिशेब तिच्या दृष्टीने बिनचूक आहे. फक्त त्या हिशेबात मूत्रपिंडाचा रकाना नाही, कारण तो कोणी तिला दाखवलेलाच नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी पुरुषमंडळींच्या लक्षात सहसा येत नाही. शेतात आडोसा नसतो. त्यामुळे बाया सकाळपासून पाणीच कमी पितात आणि लघवी तुंबवून धरतात. ऑक्टोबरचे ऊन, अंगातून वाहणारा घाम, पोटात पाणी नाही आणि वरून वेदनाशामक गोळी. मूत्रपिंडाचे वाईट करायचे असे कोणी ठरवले असते, तरी याहून नेमकी योजना त्याला सुचली नसती.

ती कशी, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. प्रत्येक मूत्रपिंड साधारण दीडशे ग्रॅम वजनाचे असते. एवढ्याशा अवयवात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मूत्रपिंडांकडे जातो. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले उपयुक्त ते सारे शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर टाकतात. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तवाहिन्या आकसू लागतात. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचे द्रव्य निर्माण करते. त्यामुळे त्याच्याकडे येणारी रक्तवाहिनी उघडी राहते. संकटकाळासाठी निसर्गाने करून ठेवलेली ही तरतूद आहे.

गंमत अशी की, सांधा दुखतो, सुजतो, ताप येतो, त्यामागेही याच प्रोस्टाग्लॅन्डिन कुळातील द्रव्ये असतात. १९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत, म्हणून दुखणे थांबते. १९८२ साली त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही सारी त्याच मार्गाने काम करणारी मंडळी. परंतु गोळीला गुडघा कोणता आणि मूत्रपिंड कोणते हे कळत नाही. गुडघ्यातले द्रव्य बंद करताना ती मूत्रपिंडातलेही बंद करते. पाणी भरपूर असताना, तरण्याताठ्या शरीरात, दोन दिवसांपुरते हे चालून जाते. पाणी आटलेल्या शरीरात मात्र ऐन संकटकाळासाठी ठेवलेली तरतूदच आपण काढून घेतो. रक्तपुरवठा घटतो, गाळण्या बंद पडू लागतात. वेळीच लक्षात आले, औषध थांबवले, पाणी मिळाले तर बहुधा त्या पुन्हा सुरू होतात. पण हंगामामागून हंगाम हेच घडत राहिले तर प्रत्येक वेळी थोडेफार कायमचे गमावले जाते.

मूत्रपिंडाचा स्वभाव मोठा सोशिक. दात दुखतो, पोट दुखते, तसे ते झिजताना दुखत नाही. त्याची निम्मी शक्ती गेली तरी रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण फारसे वाढलेले दिसत नाही. पायांवर सूज, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवीला फेस, रात्री वारंवार उठावे लागणे, जेवणावरची वासना उडणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. त्यातून गंमत पाहा, अशा अवस्थेत अंग जड पडते, दुखते. मग माणूस काय करतो? आणखी एक गोळी घेतो.

हे केवळ आपल्याकडच्या दारिद्र्याचे फळ आहे असे कोणी समजू नये. वेदनाशामकांनी मूत्रपिंडे जातात हे जगाला प्रथम कळले ते स्वित्झर्लंडसारख्या संपन्न देशात. तेथील घड्याळांच्या कारखान्यांत स्त्रिया बारीक नजरेचे काम करीत. डोके दुखे, मान दुखे, आणि त्यावर फेनासेटिन नावाचे औषध असलेल्या गोळ्या सर्रास घेतल्या जात. १९५३ साली श्प्यूलर आणि झोलिंगर या दोन स्विस वैद्यांनी अशा लोकांच्या मूत्रपिंडांत एक विशिष्ट प्रकारचा ऱ्हास दिसतो हे नोंदवले. पुढे १९६८ पासून डुबाख यांनी नोकरदार स्त्रियांचे दोन गट, म्हणजे नियमित फेनासेटिन घेणाऱ्या सुमारे सहाशे आणि न घेणाऱ्या तितक्याच, वर्षानुवर्षे डोळ्यांखाली ठेवले. गोळ्या घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचे विकार आणि त्यांमुळे होणारे मृत्यू स्पष्टपणे अधिक आढळले. तोवर या म्हणण्याला ‘अतिशयोक्ती’ म्हणणारे पुष्कळ होते.

स्वीडनमधील हुस्कवार्ना गावाची कथा तर आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम ऐकावी. तिथे शस्त्रांचा कारखाना होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तेथील डॉक्टर योर्टोन यांनी एक पूड दिली. तीत फेनासेटिन होते, कॅफिन होते. साथ गेली, पूड राहिली. कामगारांना वाटू लागले की, पूड घेतली की कामाचा वेग वाढतो. ती गावात इतकी रुळली की लोक एकमेकांना भेट म्हणून ती देऊ लागले. आपण चहा देतो तशी! तीन-चार दशकांनंतर त्या गावातील मूत्रपिंडाच्या विकारांचे प्रमाण पाहून शोध घेतला गेला, तेव्हा कारण घराघरातल्या कपाटात सापडले. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे कोणीच म्हणणार नाही. साथीच्या काळात त्यांनी रुग्णांना उतार दिला होता. हा मुद्दा ध्यानात ठेवा, मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सरकारी दवाखान्यातली ‘ए.पी.सी.’ची गोळी आठवत असेल. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन या तिघांची आद्याक्षरे म्हणजे ए.पी.सी. ऑस्ट्रेलियात याच मिश्रणाच्या पुड्या गृहिणी दुपारच्या चहाबरोबर घेत. मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, सरकारने अशा मिश्रणांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले आणि पुढील काळात तेथे या कारणाने मूत्रपिंड निकामी होणाऱ्यांची संख्या घटत गेली. फेनासेटिनमुळे मूत्रमार्गाच्या आतील आवरणाचा कर्करोग होतो हेही सिद्ध झाले. भारताने १९८३ साली फेनासेटिनवर बंदी घातली. म्हणजे योग्य तो निर्बंध घातला की रोग मागे हटतो, याचा पुरावा जगाकडे आहे.

मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे की, फेनासेटिन आणि आजच्या गोळ्या एक नव्हेत. आजच्या गोळ्यांचा मुख्य धोका आहे तो पाणी आटलेल्या, वयस्कर, मधुमेही, रक्तदाबाच्या, यकृताच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला. निरोगी तरुणाने दाढदुखीसाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन दिवस गोळी घेतली, तर त्याचे मूत्रपिंड जाईल असे म्हणणे हा घबराट पसरवण्याचा प्रकार होईल. प्रश्न ‘रोजच्या’ गोळीचा आहे. आणि आपल्या जिल्ह्यात ती रोजची होण्याला मजुरीखेरीज आणखी एक कारण आहे, ते पाण्यातच आहे.

केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या परिसरात भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे भूजलशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. इथल्या काही विंधन विहिरींतून येणारे पाणी त्याच्या कितीतरी पटींनी वर आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडलेली मुले आपण पाहतोच. पण तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की फ्लोराइड हाडांत साठते. सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठ होतो, मान वळवता येत नाही. चाळिशीतला माणूस सत्तरीतल्यासारखा उठतो-बसतो. त्याला वाटते, हा वात आहे. मग वातावरची गोळी सुरू होते.

आता हे चक्र नीट पाहा. शरीरात आलेले फ्लोराइड बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. फ्लोराइडमुळे सांधे दुखतात, म्हणून गोळी घेतली जाते. गोळीने मूत्रपिंड थकते. थकलेले मूत्रपिंड फ्लोराइड पूर्वीइतके बाहेर टाकू शकत नाही. ते हाडांत अधिक साठते, दुखणे वाढते आणि गोळ्या वाढतात. ज्या माणसाला पाणी बदलण्याची गरज होती, त्याला आपण गोळी बदलून देतो. एखाद्या कोलाम पोडावर किंवा बंजारा तांड्यावर एकाच वेळी अनेक घरांत कंबर आणि गुडघे दुखत असतील, तर ती माणसे कामचुकार आहेत किंवा तो म्हातारपणाचा दोष आहे असे न समजता, आधी तिथल्या हातपंपाचे पाणी तपासायला पाठवले पाहिजे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ आपल्या नागपूरच्याच नीरी संस्थेने विकसित केली, हे इथे नमूद करतो. अशी संयंत्रे कुठे कुठे बसवली जातात, त्यांचे उद्घाटन होते, छायाचित्रेही छापून येतात, मात्र देखभालीसाठी माणूस नसतो. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

मुतखड्याबद्दलही दोन शब्द. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो घरोघर भेटतो. त्याची कळ असह्य असते आणि त्या वेळी डॉक्टर वेदनाशामकाचे इंजेक्शन देतात ते योग्यच आहे. गैर आहे ते पुढे घडते. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे समजून माणूस सोनोग्राफीला जातच नाही. खडा मूत्रवाहिनीत अडकलेला असू शकतो, मागचे मूत्रपिंड फुगत असते आणि कळ मात्र गोळीने दाबलेली असते. तीच गोष्ट लघवीच्या जंतुसंसर्गाची. जळजळ, थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे यांवर तापाची आणि दुखण्याची गोळी घेऊन दिवस काढले जातात आणि संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढतो. दुखणे म्हणजे घरातल्या कुत्र्याचे भुंकणे समजा. त्याचे तोंड बांधून आपण झोपी जातो. फवारणी करून आल्यावर डोके ठणकते, मळमळते, तेव्हाही हेच होते. ती विषबाधेची पहिली खूण असू शकते. त्या वेळी गोळी घेऊन पडून राहणे म्हणजे उपचाराची वेळ दवडणे.

आता एक वेगळेच उदाहरण देतो. जटायूचे वंशज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले, हे आपण पाहिले. नव्वदच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने कमी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. रोग असेल, अन्न कमी पडत असेल, असे नाना तर्क झाले. २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांच्या तपासणीवरून कारण शोधून काढले. जनावरांना दुखण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहात उरत होते, ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर जमत होता. भारत सरकारने २००६ साली पशुवैद्यकातील डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जातच होत्या, म्हणून २०१५ साली एका कुपीत एकाच मात्रेपुरते, तीन मिलिलिटरच औषध असावे, असा नियम करावा लागला. २०२३ साली जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झाले.

मनुष्य म्हणजे गिधाड नव्हे. गिधाडाचे शरीर या औषधाला विलक्षण संवेदनशील आहे, म्हणून ते उदाहरण जसेच्या तसे माणसाला लावता येणार नाही. पण जे औषध आपण चिमूटभर समजून घेतो त्याची मूत्रपिंडावरची ताकद काय असते, हे त्यावरून कळते. आणि गिधाडांसाठी जो नियम कडक झाला तो मजुरासाठी मात्र कागदावरच राहावा, हे मनाला लागते.

मघाशी हुस्कवार्नाच्या डॉक्टरांविषयी म्हणालो होतो. आता थोडे आपल्याविषयी. आपण सेवाकार्य म्हणून वस्ती-तांड्यांवर आरोग्य शिबिरे घेतो. त्यामागचा भाव निर्मळ असतो, त्याविषयी शंका नाही. पण शिबिरात प्रत्यक्षात काय घडते? दोनशे माणसे रांगेत असतात, डॉक्टर दोघेच असतात. प्रत्येकाला मिनिटभर मिळते. म्हातारी म्हणते, ‘कंबर दुखते बाप्पा.’ तिला वेदनाशामकाच्या दहा गोळ्या कागदात बांधून दिल्या जातात. तिला रक्तदाब आहे का, पायावर सूज आहे का, आधीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारायला वेळ नसतो. ती गोळ्या घेते, तिला बरे वाटते. संपल्यावर तो रिकामा कागद जपून ठेवते आणि किराणा दुकानात दाखवून ‘असलीच दे’ म्हणते. अहवालात लिहिले जाते की, दोनशे रुग्णांना मोफत औषधवाटप. माझ्या मते, असे वाटप बंद केले पाहिजे. कोणाला हे बोलणे कटू वाटेल, पण सेवेच्या नावाखाली आपणच त्या सवयीचे बी पेरत असू तर ते कोणीतरी बोलून दाखवायला हवे. त्याऐवजी त्याच शिबिरात प्रत्येकाचा रक्तदाब मोजा, लघवीतील प्रथिने आणि साखर पट्टी बुडवून तपासा. या तपासण्यांना खर्च अगदी थोडा येतो आणि वेळ मिनिटांचाच लागतो. ज्यांच्यात दोष आढळेल अशांची यादी करून त्यांना ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्वतः घेऊन जा. दोनशे माणसांतून पाच जण जरी असे वेळीच सापडले तरी ते शिबिर सार्थकी लागले असे मी म्हणेन.

कारण उशीर झाल्यावर काय होते, ते पाहा. डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्याचा खर्च शासन उचलते, केंद्राचाही २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, ही समाधानाची बाब. पण झरी-जामणीच्या आतल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून तीनदा यायचे म्हणजे त्या माणसाची मजुरी गेली आणि त्याला आणणाऱ्याचीही गेली. एक बैल, मग दुसरा बैल, मग जमिनीचा तुकडा, अशा क्रमाने घर रिते होत जाते. ज्या दिवसाची मजुरी वाचवण्यासाठी ती गोळी घेतली होती, तिची किंमत अशी चुकती होते.

आपल्या मध्यमवर्गीय घरांनीही निश्चिंत राहू नये. आपण किराणा दुकानातून नव्हे, औषधाच्या दुकानातून गोळी आणतो, एवढाच फरक. आजोबांना रक्तदाबासाठी एक गोळी, पायावरची सूज उतरवण्यासाठी लघवीची एक गोळी आणि त्यांत शेजाऱ्याने सुचवलेली गुडघ्याची तिसरी. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढवणारे औषध आणि वेदनाशामक हे त्रिकूट एकत्र आले की मूत्रपिंडाला विशेष घातक ठरते. जुलाब-उलट्या होत असतील तर अधिकच. नेहमीच्या डोकेदुखीचेही तसेच. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस गोळी घेणाऱ्याला पुढे पुढे गोळीमुळेच डोकेदुखी होऊ लागते, हे सिद्ध झालेले आहे.

आणि ‘आम्ही ॲलोपॅथी घेत नाही, आमची देशी पुडी असते’ असे म्हणणाऱ्यांनाही एक विनंती. आयुर्वेदाचा अभिमान मलाही आहे. औषध युक्तीने योजले नाही तर तेच विष होते, हा विचार चरकसंहितेनेच आपल्याला दिला. पण बाजारात, जत्रेत, नाव-पत्ता नसलेल्या पाकिटांत वातावरची जी जादूची पुडी मिळते, तिच्यात स्टेरॉइड आणि वेदनाशामक कुटून मिसळलेले असल्याचे पुनःपुन्हा आढळले आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर तो वनस्पतीचा चमत्कार समजू नका, शंका घ्या. मान्यताप्राप्त वैद्य आणि पुडीवाला यांच्यात भेद करणे हे आयुर्वेदाच्याच हिताचे आहे.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. त्यातली एक वाचतो, नाव वाचत नाही. भगिनी विचारतात, ‘सासूबाई सहा वर्षांपासून रोज गुडघ्याची गोळी घेतात, मधुमेह आहे, काय करावे?’

ताई, उद्या सकाळी त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्या आणि अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा. जाताना घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून सोबत न्या, एकही वगळू नका. पुड्या, काढे आणि तेलेसुद्धा. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा हृदयासाठी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका, दुखण्याची तेवढी डॉक्टरांना विचारून थांबवा. गुडघ्यासाठी शेक, वरून लावायचे मलम, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणे हे उपाय आहेत. गरज पडली तर मूत्रपिंडाला त्यातल्या त्यात कमी त्रासदायक असे पॅरासिटामॉल डॉक्टर ठरावीक मात्रेत देतील. तेही वाटेल तितके घेतले तर यकृताला बाधते. आणि सासूबाईंना रागावू नका. सहा वर्षे त्या दुखत्या गुडघ्यांनी घरात वावरल्या. त्यांच्या वाट्याचे वाकून करायचे काम उद्यापासून घरातल्या पुरुषांनी करावे, असे त्यांना माझ्या नावाने सांगा.